दोन्ही पोटऱ्यांचा घेर

पाठपुरावा कक्षाला खिडकी नाही. पूर्वी या खोलीत जुन्या एक्स-रे फिल्म ठेवत असत. फिल्मना उजेड चालत नसे, तेव्हा आम्हालाही तो लागणार नाही, असे कोणीतरी गृहीत धरले असावे. दोन टेबले, दोन पडदे, दोन हेडफोन आणि एक पंखा, एवढाच संसार. एका टेबलाशी सिस्टर बसते. वॉर्डात चौदा वर्षे रुग्ण उचलून तिची कंबर गेली, म्हणून तिला बसून करायचे काम मिळाले. दुसऱ्या टेबलाशी मी बसते. मी संख्याशास्त्राची, मला उभे राहायचे काम कोणी कधी दिलेच नाही.

काम असे: शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेला रुग्ण रोज सकाळी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सात प्रश्नांची उत्तरे भरतो. ताप किती, वेदना शून्य ते दहामध्ये किती, गोळ्या घेतल्या का, जखमेतून पाणी येते का, दम लागतो का. ज्यांचा गुडघा बदललेला असतो त्यांना शेवटी आणखी दोन रकाने असतात: उजव्या पोटरीचा घेर आणि डाव्या पोटरीचा घेर. हे शेवटचे दोन रकाने सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. अशा शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती पायात असेपर्यंत पाय सुजतो. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर माणूस बोलताबोलता जाऊ शकतो. म्हणून दोन पोटऱ्यांच्या घेरात तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की नावापुढचा ठिपका लाल होतो. दीड ते तीनपर्यंत पिवळा, त्याखाली हिरवा. लाल ठिपक्याला लगेच फोन करायचा, पिवळ्याला दुपारपर्यंत. हिरव्याला करायचा नाही. तेवढी माणसे आमच्याकडे नाहीत.

त्या दिवशी पडद्यावर एकशे सेहेचाळीस ठिपके होते. लाल दोन, पिवळे एकोणतीस.

"नाही आजी, मोबाइल जखमेवर ठेवायचा नाही," सिस्टर हेडफोनमध्ये सांगत होती. "जखमेसमोर धरायचा. हो, लांबून. नाही, इतक्या लांबूनही नाही. आता मला तुमचं कपाट दिसतंय." तिने फोन ठेवला आणि कंबरेमागची उशी सरळ केली. "ह्या पिवळ्यांपेक्षा कावीळ परवडली."

मी तिमाही अहवालात होते. संचालकांना त्यात एक सरासरी हवी होती: गुडघ्याच्या रुग्णांच्या दोन पोटऱ्यांत रोज साधारण किती फरक पडतो. सरासरीला कोणी हरकत घेत नाही, म्हणून ती सर्वांना आवडते. तिच्या शेजारी प्रत्येक रुग्णाचे विचलन, म्हणजे त्याचे आकडे रोज किती खाली-वर होतात, हेही काढावे, असा माझा जुना आग्रह. तो रकाना सहसा कोणी वाचत नाही. त्या दिवशी मीही तो पडद्यावरून नुसता सरकवत होते, आणि एका ओळीवर थांबले.

रुग्ण पुरुष, वय सदुसष्ट, व्यवसाय सुतारकाम, उजवा गुडघा बदललेला, घरी गेल्याला नऊ दिवस. दोन पोटऱ्यांतला फरक शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. नऊही दिवस शून्य.

या माणसाचे आमच्या कक्षात नाव होते. नऊ दिवसांत एकही नोंद चुकली नव्हती. रोज सकाळी सात ते सात दहाच्या दरम्यान सगळे रकाने भरून येत. सिस्टर त्याला 'आपला पहिला नंबर' म्हणे. मी स्वतः त्याच्या नावापुढे दोनदा 'समाधानकारक' असा शेरा मारला होता.

निरोगी माणसाच्या दोन पोटऱ्याही तंतोतंत सारख्या नसतात. ज्या पायाचा गुडघा नुकताच कापून बदलला आहे, तो पाय तर काही आठवडे थोडाफार सुजलेला असतोच. एखाद्या दिवशी दोन्ही आकडे जुळले तर योगायोग म्हणता येईल. नऊ दिवसांचा योगायोग नसतो. बरे, आकडे मनाने भरलेले म्हणावेत, तर तेही दिसत नव्हते. छत्तीस पूर्णांक पाच, छत्तीस, पुन्हा छत्तीस पूर्णांक पाच, एकदा सदतीस: मोजणाऱ्या हाताला जेवढी लहर असते, तेवढीच त्यात होती. मनाने भरणारा माणूस इतक्या प्रामाणिकपणे चुकत नाही. कोणीतरी रोज खरोखर टेप गुंडाळत होते. पण ती कशाभोवती गुंडाळत होते, हे त्या आकड्यांवरून कळत नव्हते.

संगणकाला यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. फरक मोठा झाला तर ओरड, एवढेच त्याला शिकवले होते. फरक मुळीच नसला तर काय, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते नियम ठरवणाऱ्या बैठकीत मी हजर होते, आणि बैठकीतला लाडू खात मान डोलावत होते.

मी फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन चालू होते.

"हां, बोला."

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय, पाठपुरावा कक्षातून. गुडघ्याच्या पेशंटची माहिती तुम्ही भरता का?"

"मीच भरतो. धाकटा भाऊ त्याचा. सकाळी सातला पाठवली की. मिळाली नाही?"

"मिळाली. रोज वेळेवर मिळते."

"मग?" मशीन चालूच होते.

"पोटरीचं माप कसं घेता, जरा सांगाल का?"

मशीन थांबले. "मॅडम, मी बेचाळीस वर्षं टेलर आहे."

"म्हणूनच विचारतेय."

"जिथं पोटरी जाड आहे, तिथं टेप गुंडाळतो. आवळत नाही, ढिली सोडत नाही. आमचं सगळं इंचात असतं, पण तुमच्यासाठी टेप उलटी करून सेंटिमीटरची बाजू धरतो. अजून काय?"

"आणि दुसरा पाय?"

"दुसरा कशाला?"

"दोन रकाने आहेत ना. उजवा आणि डावा."

"भरतो की दोन्ही. तेच माप."

मी पडद्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. गैरसमज माझा होतोय, असे त्याला वाटले असावे. त्याचा सूर समजावणीचा झाला.

"अहो, पँटीला माप एकाच पायाचं घेतात. दोन पायांची दोन मापं घेणारा टेलर अजून जन्माला यायचाय. घेतली, तर गिऱ्हाईक म्हणेल, हा मला लंगडा समजतो. तुम्ही दोन रकाने दिलेत, मी दोन्ही भरले. एक मोकळा सोडला तर तुमचं ते यंत्र पुढंच जाऊ देत नाही."

"तुम्ही कुठल्या पायाचं घेता?"

"चांगल्या पायाचं. दुखऱ्या पायाला रोज उठून कशाला हात लावायचा? आणि तो भिंतीकडं असतो."

नऊ दिवसांत, ज्या पायासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या पायाला टेप लागली नव्हती. माझ्या पडद्यावर मात्र तो पाय नऊ दिवस हिरवा होता.

"मला दुसऱ्या पायाचं माप हवंय," मी म्हटले. "आत्ता. मी फोनवर थांबते."

"समोर गिऱ्हाईक आहे, ट्रायलला. अर्ध्या तासात घेतो."

"त्यांना थांबू दे. हे थांबण्यासारखं नाही."

माझा आवाज चढला नव्हता. तरी सिस्टरने माझ्याकडे पाहिले आणि येणारा फोन घेतला नाही. पलीकडे खुर्ची सरकली, "बसा हं, आलो," असे कोणाला तरी सांगितले गेले, मग जिन्याच्या पायऱ्या ऐकू आल्या. मी त्या मोजल्या. मधल्या वळणासह सव्वीस. दुकान खाली आणि घर वरच्या मजल्यावर असावे. फोन त्याने खिशात टाकला होता. पुढचे सगळे कापडातून आल्यासारखे ऐकू येत होते.

"आता काय?" हा थोरला असणार. आवाज जाड होता आणि वाक्याच्या शेवटी तुटत होता.

"दादा, उजवा पाय इकडं घे. मॅडमना माप पाहिजे."

"सकाळी घेतलंस की."

"तो डावा होता."

"आणि उजव्याचं?"

धाकट्याने काहीतरी बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"नऊ दिवस डाव्याचंच घेत होतास?" थोरला म्हणाला. "अरे शहाण्या, साधं स्टूल करायचं तर मी चारी पाय मोजतो. एक कमी भरला, तर बसणारा पडतो."

"तुझं सुतारकाम नंतर सांग. पाय सरळ कर."

"होत नाही सरळ. ताठलाय. तुला बोललो होतो."

मग बराच वेळ पलंगाच्या करकरण्याशिवाय काही ऐकू आले नाही. माझ्या पडद्यावर फोनची सेकंदे पुढे जात होती. टेलरला एका पोटरीचे माप घ्यायला दहा सेकंदे लागत असतील. चाळीस झाली.

"मॅडम."

"बोला."

"एकेचाळीस. दोनदा बघितलं. एकेचाळीस."

सकाळी भरलेल्या साडेछत्तीसपेक्षा साडेचार सेंटिमीटर जास्त.

"पाय गरम लागतोय का?"

"लागतोय. आणि चकाकतोय."

"त्यांना दम लागतो का, विचारा."

"दादा, दम लागतो का तुला?"

"पडल्यापडल्या कसला दम लागायचाय? काल संडासापर्यंत गेलो, तेव्हा लागला. वय झालं आता, दुसरं काय."

दम लागतो का, या प्रश्नाचे उत्तर नऊही दिवस 'नाही' असे आले होते. सकाळी सात वाजता पलंगावर पडलेल्या माणसाबाबत ते खरेही होते.

"नीट ऐका," मी म्हटले. "त्यांना उठवू नका. पाय चोळू नका, शेकू नका. जिना तर अजिबात उतरू देऊ नका. आम्ही गाडी पाठवतो. माणसं खुर्ची घेऊन वर येतील."

"एवढं काय झालंय?"

"पायात रक्ताची गुठळी असू शकते. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण तपासायचं आजच."

"बरं," तो म्हणाला. एवढेच.

गाडी मागवायला पडद्यावर लाल ठिपका लागतो. ठिपका लाल व्हायला नवे माप भरावे लागते. दिवसाला एकच नोंद घेतली जाते, आणि त्या दिवसाची नोंद सात वाजून चार मिनिटांनी झालेली होती. ती हिरवी होती. दिवसाला एकच नोंद, हा नियम मीच सुचवला होता, कारण काही हौशी रुग्ण दिवसातून सहा-सहा वेळा आकडे भरत आणि माझी सरासरी बिघडवत. मी दोनदा प्रयत्न केला. 'आजची माहिती मिळाली आहे, धन्यवाद,' असे पडद्याने दोनदा नम्रपणे सांगितले.

सिस्टरने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "पत्ता लिहून द्या. मी जाते जुन्या पद्धतीनं."

"म्हणजे?"

"खाली जाऊन ओरडते."

ती कंबरेवर हात ठेवून गेली. सात मिनिटांनी परत आली, तेव्हा गाडी निघालेली होती आणि तपासणीच्या खोलीत एक जागा धरलेली होती. एव्हाना तेरा पिवळे ठिपके तिची वाट पाहत होते. तिने हेडफोन चढवले.

मी यादी उलटी लावली: ज्यांचे दोन्ही आकडे तीनपेक्षा जास्त दिवस तंतोतंत सारखे आहेत असे रुग्ण. आणखी चार नावे निघाली. एकीचे दोन्ही गुडघे बदलले होते आणि दोन्ही पाय सारखेच सुजले होते. दोघांनी आकडे मनाने भरले होते. विचारल्यावर त्यांना माझाच राग आला. त्यांच्याकडून मी दोन्ही पायांची मापे फोनवर घेतली. चौथ्या घरी टेप नव्हती. ते दोरीने मोजत आणि दोरी पट्टीला लावत. दोरी त्यांनी एकाच पायाला लावली होती. त्यांचा दुसरा पाय दोन सेंटिमीटर जास्त भरला. म्हणजे पिवळा. म्हणजे सिस्टरकडे.

अडीचच्या सुमारास सर्जन आमच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर शस्त्रक्रियेची टोपी तशीच होती. ते आत येत नाहीत. खोली लहान आहे आणि त्यांना बसायला जागा नाही.

"गुठळी आहे," ते म्हणाले. "पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. फुप्फुसातही एक तुकडा गेलाय, लहान."

"मग?"

"इंजेक्शन सुरू केलंय, ऑक्सिजन लावलाय. पहिले दोन-तीन दिवस अवघड. आणखी एखादा मोठा सुटला, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "गोळ्या वेळेवर घेत होता म्हणतो. घेत असेलही. गोळ्यांनी शंभरातल्या शंभर थांबत नाहीत. तुम्ही तेवढी सूचनेत एक ओळ वाढवा, की दोन्ही पाय वेगवेगळे मोजा."

"तशी ओळ आहे. चौथ्या पानावर."

"चौथं पान कोण वाचतं?"

"तेच," मी म्हटले.

ते गेले. मी अहवाल बंद केला आणि खाली गेले. जाण्याचे काही कारण नव्हते. आमच्या कामात रुग्णाला पाहण्याची गरज पडत नाही; किंबहुना ती पडू नये, म्हणूनच आमचे काम निघाले आहे.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर साठीचा एक बारीक माणूस बसला होता. गळ्यात टेप तशीच होती, शर्टाच्या खिशात खडू. मी ओळख सांगितली. तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"तुमचा आवाज फोनवर जाड वाटतो," तो म्हणाला.

मी शेजारी बसले. तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

"एक विचारू? मी पहिल्या दिवसापासून उजवा पाय मोजला असता, तर कुठल्या दिवशी कळलं असतं?"

"सांगता येणार नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाजालाही आधी काही आकडे लागतात. त्या पायाचा आपल्याकडे एकच आकडा आहे, आजचा."

"सातवा दिवस असेल? आठवा?"

"का विचारताय?"

त्याने टेप गळ्यातून काढली आणि बोटाला गुंडाळू लागला. "पाचव्या दिवशी तो म्हणाला, पोटरी ठणकतेय. मी म्हटलं, पट्टी घट्ट बसली असेल. तुला मेल्या नवीन कपडासुद्धा काचतो, म्हटलं. हसला तो. परत काही बोलला नाही."

त्याला कसला आकडा हवा होता, ते मला कळले. पाचाच्या पुढचा कोणताही. मी सातवा म्हटले असते, तर ते कोणालाही खोटे पाडता आले नसते, पुरावा नव्हताच. तोंडापर्यंत आले होते. पण या सगळ्या प्रकरणात पुरावा नसलेले आकडे आधीच पुष्कळ होते.

"माहीत नाही," मी म्हटले. "खरंच माहीत नाही. पण तुमचे आकडे रोज माझ्यासमोर येत होते. दोन्ही पाय सारखे, नऊ दिवस. मी त्यावर 'समाधानकारक' असं लिहिलं. दोनदा."

तो प्रथमच माझ्याकडे वळला. "म्हणजे तुम्हालाही कळलं नाही?"

"आज सकाळपर्यंत नाही."

"एवढ्या शिकलेल्या असून?"

"हो."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे दोघांनी मिळून घालवला असता त्याला."

त्याने टेप उलगडून पुन्हा गळ्यात घातली आणि विचारले, की उद्या सकाळी अ‍ॅपमध्ये काय भरायचे. काही भरायचे नाही, ते आता इथेच आहेत, असे मी सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कक्ष उघडण्याआधी, मी पुन्हा खाली गेले. सुतार अजून अतिदक्षता विभागातच होता, पण ऑक्सिजनच्या मुखवट्याच्या जागी आता नाकातली नळी आली होती. मी त्याला प्रथमच पाहत होते. नऊ दिवस ज्याला आकड्यांवरून ओळखत होते, त्याच्यापेक्षा हा माणूस बराच मोठा होता. पलंग त्याला अपुरा पडत होता. डोळे मिटलेले होते. पायथ्याच्या फळ्यावर परिचारिकेने दोन्ही पायांची मापे रोज लिहिली होती. डावा छत्तीस पूर्णांक पाच. उजवा एकेचाळीस, एकेचाळीस, साडेचाळीस.

टेलर फळ्यासमोर उभा होता. "साडेचाळीस," तो म्हणाला. "अर्धा उतरलाय."

"अर्धा म्हणजे तुझा हात हलला असेल," डोळे न उघडता थोरला म्हणाला. सहा शब्दांत तो दोनदा थांबला.

"मी नाही घेतलं. इथल्या बाईंनी घेतलं."

"मग तिचा हलला."

"तू बोलू नकोस, श्वास घे." टेलर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, अर्ध्याला तुमच्यात काय म्हणतात?"

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी घेतलेल्या मापांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असला, तर त्याला आमच्यात काहीच म्हणत नाहीत. हे मी त्याला सांगितले.

"आमच्यातही नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. त्याला तीन दिवस झोप नव्हती, आणि ती मिळण्यासाठी त्याला फळ्यावरचा तेवढाच एक आकडा दिसत होता.

मी पलंगाच्या टोकाला अडकवलेला तक्ता पाहिला. तो मी आधीच पाहायला हवा होता.

"पाय राहू द्या," मी म्हटले. "पाय उतरायला महिनेसुद्धा लागतात. श्वास बघा. इथं आणलं तेव्हा मिनिटाला एकतीस होता. काल सव्वीस. आज पहाटे बावीस. हा फरक हात हलल्यामुळे पडत नाही."

"म्हणजे चांगलं?"

"म्हणजे चांगलं. धोका गेला असं नाही. पण चांगलं."

त्याने तक्त्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. खुर्ची पुढे ओढून तो बसला आणि भावाच्या छातीवर नजर ठेवून ओठांतल्या ओठांत मोजू लागला. मीही मोजले. खोलीत दुसरा आवाज नव्हता. एक मिनिट पुरे व्हायला वाटते त्यापेक्षा बराच वेळ लागतो.

"एकवीस," तो म्हणाला.

मी बावीस मोजले होते. वर सिस्टर एकटी असेल, हे लक्षात येऊन मी निघाले, तेव्हा तो पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.